मजकुराच्या कामासाठी मॉनिटर: जुना सीआरटी ठेवावा, की नवा आयपीएस अथवा ओलेड घ्यावा?

टंकखिळा

नमस्कार. मॉनिटर निवडण्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे. माझे बहुतेक काम मजकुराचे आहे: मुद्रितशोधन, दोन मसुदे शेजारी ठेवून ताडून पाहणे, आणि अधूनमधून छपाईला जाणाऱ्या छायाचित्रांचे रंग सुधारणे. दिवसाचा मोठा भाग पांढऱ्या पडद्यावरची काळी अक्षरे वाचण्यात जातो. संध्याकाळी मात्र त्याच टेबलावर डॉसच्या (विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीच्या) काळातले जुने खेळ खेळण्याची हौस मला आहे आणि ती सोडण्याचा माझा विचार नाही.

सध्या माझ्याकडे दोन पडदे आहेत. एक 19 इंची सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा जाड पडदा, जो अजून व्यवस्थित चालतो. आणि दुसरा 19 इंची, 1280×1024 पिक्सेलचा जुना एलसीडी, ज्याच्या बॅकलाइटला (पडद्यामागच्या दिव्यांना) एलईडी नसून बारीक फ्लुरोसंट नळ्या आहेत. सीआरटीवर अक्षरे थोडी मऊ दिसतात, तरी डोळ्यांना ती बोचत नाहीत, आणि खेळ तर दुसऱ्या कुठल्याच पडद्यावर तसे दिसत नाहीत. एलसीडीवर अक्षरांच्या कडा धारदार आहेत, परंतु लहान टायपात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे 'वर्गांत' आणि 'वर्गात' यांतला फरक पाहण्यासाठी दर वेळी पान मोठे करावे लागते. शिवाय त्याचा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. नव्या संगणकाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढेच पोर्ट आहेत. जुना निळा व्हीजीए पोर्ट नाही.

सीआरटी अडॅप्टर लावून चालू ठेवण्यात अर्थ आहे का? आणि नवा घ्यायचा झाल्यास आयपीएस, व्हीए (दोन्ही एलसीडी पॅनेलचे प्रकार) आणि ओलेड (ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो) यांपैकी मजकुरासाठी काय योग्य ठरेल? ओलेडची स्तुती सगळीकडे वाचायला मिळते, परंतु ती बहुधा खेळ आणि चित्रपट पाहणाऱ्यांनी केलेली असते, म्हणून विचारत आहे.

काचनळी

सीआरटी टाकून देण्याची घाई करू नये, पण दिवसभराच्या वाचनासाठी त्याच्यावर विसंबूनही राहू नये, असे माझे मत आहे. त्याचे कारण समजून घेतल्यास पुढची निवड सोपी जाईल.

सीआरटीवर सांगितलेला 19 इंच हा आकडा नळीचा असतो. त्यातला दिसणारा भाग साधारण 18 इंच, म्हणजे रुंदी सुमारे 365 मिलिमीटर भरते. काचेच्या आतल्या बाजूला लाल, हिरव्या आणि निळ्या फॉस्फरची (झोत पडला की उजळणाऱ्या लेपाची) त्रिकुटे असतात, आणि त्यांच्यामागे छिद्रांचा किंवा उभ्या तारांचा मास्क, म्हणजे जाळी, असतो. दोन त्रिकुटांमधले अंतर पाव मिलिमीटर धरले, तर पूर्ण रुंदीत जेमतेम 1460 त्रिकुटे बसतात. आता तुम्ही त्यावर 1600×1200 लावले, तर संगणक जितके पिक्सेल पाठवतो तितके ठिपके नळीपाशी मुळात नसतातच. मॉनिटर चित्र नाकारत नाही, फक्त ते पसरवून दाखवतो. तुम्हाला जाणवणारा मऊपणा बऱ्याच अंशी यातून येतो. 1280×960 लावून पाहावे, अक्षरे लगेच आवळून येतील. 1280×1024 मात्र लावू नये, कारण ते 5:4 प्रमाणाचे आहे आणि तुमची नळी 4:3 प्रमाणाची, त्यामुळे वर्तुळे किंचित चपटी दिसतात. अनेकांच्या सीआरटीवर वर्षानुवर्षे हेच रिझोल्यूशन लावलेले असते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढले जाते तो आकडा, 85 हर्ट्झ ठेवावा. 60 हर्ट्झवर पांढरे पान लुकलुकते. थेट पाहताना ते कळले नाही तरी डोळ्याच्या कडेने कळते, आणि संध्याकाळपर्यंत डोके जड होण्यामागे पुष्कळदा तेच असते. अडॅप्टरची गाठ इथेच पडते. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए देणाऱ्या साध्या अडॅप्टरची मर्यादा बहुधा 60 हर्ट्झला 1920×1200 एवढी असते. 85 हर्ट्झला 1280×960 साठी 148.5 मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) लागतो, तो या मर्यादेत बसतो; 85 हर्ट्झला 1600×1200 साठी 229.5 मेगाहर्ट्झ लागतो, तो बसत नाही. म्हणजे जे रिझोल्यूशन नळीला मानवते, तेच सुदैवाने साध्या अडॅप्टरलाही झेपते.

खेळ सीआरटीवर वेगळे का दिसतात, तेही सांगतो. फॉस्फरवर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की तो ठिपका क्षणभर उजळतो आणि एखाद्या मिलिसेकंदात विझू लागतो. उरलेला वेळ तिथे अंधारच असतो. एलसीडीवर आणि ओलेडवरही प्रत्येक चौकट (फ्रेम) पुढची येईपर्यंत तशीच तेवत राहते, 60 हर्ट्झला 16.7 मिलिसेकंद. सरकत्या वस्तूमागे डोळा सरकत असतो आणि चित्र मात्र तेवढा वेळ जागीच थांबलेले असते, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर ते फराटा ओढल्यासारखे उमटते. सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू 60 हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे 16 पिक्सेल पुसट दिसते, आणि हे गणित पिक्सेल कितीही चपळ असले तरी बदलत नाही. ओलेडचा पिक्सेल एका मिलिसेकंदाच्या आत रंग बदलतो. तरी 60 हर्ट्झला त्यावरची हालचाल चांगल्या सीआरटीइतकी स्वच्छ दिसत नाही, ती याच कारणाने.

सावकाश_वाचक

काचनळी यांनी हालचालीविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे. परंतु मूळ प्रश्न दिवसभर स्थिर राहणाऱ्या पानाचा आहे, आणि स्थिर पानाच्या बाबतीत सीआरटीच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे उरत नाही. कोपऱ्यांत तिन्ही झोत एकमेकांवर नेमके पडत नाहीत, त्यामुळे मधल्या ओळी स्वच्छ आणि खालच्या कोपऱ्यातल्या ओळींना तांबडी-निळी किनार, असे होते. खोलीत उजेड असेल तर फॉस्फर स्वतःच राखाडी दिसतो, आणि ज्या गडद काळ्या रंगाची ख्याती आहे तो दिवसा हाती लागतच नाही. मऊ कडांमुळे अक्षरे बोचत नाहीत हे खरे. परंतु मुद्रितशोधन करणाऱ्या व्यक्तीला सुखद अक्षरांपेक्षा चूक दाखवणारी अक्षरे अधिक उपयोगी पडतात.

रफार आणि अनुस्वार मिसळण्याची तुमची तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिचे उत्तर पॅनेलच्या जातीत नसून पिक्सेलच्या दाटीत आहे. तुमच्या 19 इंची एलसीडीवर एका इंचात साधारण 86 पिक्सेल आहेत. 11 पॉइंटच्या टायपात शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार यांच्या वाट्याला तीन-चार पिक्सेलची उंची येते. तेवढ्या जागेत रफाराचा बाक काढायचा, शेजारी टिंब ठेवायचे आणि दोघांत फट सोडायची, हे कुठल्याही फाँटला जमणारे नाही. रोमन लिपीतल्या अक्षराला एवढ्या उंचीत सहसा एखादे टिंब बसवावे लागते, म्हणून इंग्रजी परीक्षणांत 'अक्षरे उत्तम' असा शेरा मिळालेला पडदा आपल्याला अपुरा पडू शकतो. 24 इंची 1920×1080 पडद्यावर ही दाटी इंचाला 92 पिक्सेल, म्हणजे तुमच्या जुन्या पडद्याहून नाममात्र अधिक. इतके नवे यंत्र घेऊन तक्रार तीच राहील. 27 इंची 2560×1440 वर ती 109 होते आणि फरक जाणवू लागतो. 27 इंची 3840×2160 वर, म्हणजे ज्याला 4के म्हणतात त्यावर, ती 163 होते, आणि तिथे हा प्रश्नच संपतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 150 टक्के स्केलिंग ठेवले की जागा 2560×1440 इतकीच मिळते, पण प्रत्येक अक्षर घडवायला दोन्ही दिशांना दीडपट पिक्सेल मिळतात.

दुसरी गोष्ट आकाराची. 27 इंची 16:9 पडदा सुमारे 59.8 सेंटिमीटर रुंद आणि 33.6 सेंटिमीटर उंच असतो. ए4 पान 21 × 29.7 सेंटिमीटरचे. म्हणजे दोन मसुदे मूळ मापात शेजारीशेजारी उभे राहतात, वर टूलबारला जागा उरते, आणि बाजूला टिपणांची खिडकी मावते. 24 इंची 16:9 पडद्याची उंची 29.9 सेंटिमीटर असल्याने पान बसते, पण टूलबार आला की पानाचा तळ कापला जातो. तुमचा जुना 5:4 एलसीडी 30 सेंटिमीटर उंच आहे, म्हणून एका पानासाठी तो इतकी वर्षे बरा वाटला असणार. सपाट पडद्यांचे प्रमाण रुंदीकडे झुकत गेले ते वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे, ही माझी जुनी कुरकुर आहे, पण ती इथे लांबवत नाही.

आता पॅनेल. एलसीडीच्या तीन जातींपैकी टीएन सर्वांत जुनी. खालून पाहिल्यास रंग उलटतात, वरची ओळ आणि खालची ओळ यांचा पांढरा रंगही एकसारखा दिसत नाही. छायाचित्रांचे काम असणाऱ्याने ती सोडूनच द्यावी. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या उजेडाचे प्रमाण) साधारण 3000:1 पर्यंत जातो, म्हणून काळा रंग आयपीएसपेक्षा गडद दिसतो. परंतु गडद छटांमधले बदल त्यावर संथ असतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर वर-खाली सरकवला की मागे काळपट ओघळ दिसतो. बाजूने पाहिल्यास छटा फिकट होतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट बहुधा 1000:1 च्या आसपास असतो, अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी वाटतो, पण उजेडात पांढऱ्या पानावर काम करणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही. हिताचीने 1996 मध्ये हे तंत्र बाजारात आणले ते मुळात पाहण्याच्या कोनाचा दोष घालवण्यासाठीच, आणि तो गुण अजूनही त्याच्याकडेच आहे. तुमच्या कामाला मी 27 इंची 4के आयपीएस निवडेन.

जुना एलसीडी पिवळट झाला आहे तो फ्लुरोसंट नळ्या आणि त्यांच्यामागची प्लॅस्टिकची पाने जुनी झाल्यामुळे. सेटिंगमध्ये निळा वाढवून पांढरा रंग सरळ करता येतो, पण प्रत्यक्षात लाल-हिरवा कमी होत असल्याने आधीच मंद झालेला पडदा आणखी मंद होतो. रंग सुधारण्यासाठी तो वापरू नये.

निशाचर

ओलेडची बाजू मांडणारे कुणी नाही म्हणून लिहितो. मी स्वतः तो खेळांसाठी आणि चित्रपटांसाठी वापरतो आणि त्यावर समाधानी आहे. प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर बंद. अंधाऱ्या खोलीत आयपीएस त्याच्या जवळपासही येत नाही.

तरीही तुमच्या कामाला तो सुचवणार नाही. तुमचा पडदा दिवसभर पांढरा असणार, आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर ओलेडला स्वतःची तेजस्विता खाली आणावी लागते. खिडकी लहान-मोठी केली की उजेड कमी-जास्त झालेला काही पडद्यांवर स्पष्ट जाणवतो. टूलबार, पट्टी, पानाची कड या गोष्टी महिनोन्महिने एकाच जागी राहिल्या तर तिथले पिक्सेल असमान झिजतात आणि ठसा उमटतो. पडदे स्वतःच चित्र किंचित सरकवून आणि अधूनमधून दुरुस्तीची फेरी चालवून ही झीज लांबवतात, पण ती थांबत नाही.

तिसरी अडचण आपल्या लिपीपुरती जास्त आहे. साध्या एलसीडीत लाल, हिरवे आणि निळे उपपिक्सेल उभ्या पट्ट्यांत शेजारीशेजारी असतात आणि फाँट गुळगुळीत करणारी प्रणाली तेच गृहीत धरते. क्यूडी-ओलेडमध्ये (ओलेडच्या एका प्रकारात) आजवर बहुतेक ठिकाणी ते त्रिकोणात मांडलेले आढळतात, हिरवा वर आणि लाल-निळे खाली. त्यामुळे आडव्या कडांना हिरवी आणि जांभळट झाक येते. रोमन अक्षरांत आडव्या कडा तुकड्यातुकड्यांनी येतात. देवनागरीत शिरोरेषा शब्दभर सलग धावते, आणि ती झाक तिच्यावर ओळीच्या ओळी दिसत राहते. 27 इंची 4के ओलेडवर दाटीमुळे हे बरेच कमी होते. इंचाला 110 पिक्सेलच्या पडद्यावर मात्र ज्याला ती एकदा दिसली, त्याला ती दिसायची थांबत नाही.

पाना_पक्कड

सीआरटी ठेवणार असाल तर एकच सूचना: चित्र सरकले, आखडले किंवा रंग फिसकटला म्हणून मागचे झाकण स्वतः उघडू नये. नळीला सुमारे 25,000 व्होल्टचा दाब द्यावा लागतो आणि वायर काढल्यावरही तो भार नळीत शिल्लक राहू शकतो. रंगांचे डाग पडले असतील तर मेनूतले डीगॉस (नळीत साचलेले चुंबकत्व घालवण्याची सोय) आधी वापरावे, आणि स्पीकर लांब ठेवावेत. पुष्कळ डाग एवढ्याने जातात. आणि कधी टाकायची वेळ आलीच, तर नळीच्या काचेत शिसे असते, म्हणून ती ई-कचऱ्यातच द्यावी.

टंकखिळा

सर्वांचे मनापासून आभार. 1280×960 लावून पाहिले. अक्षरांत पडलेला फरक अपेक्षेपेक्षा बराच मोठा आहे. 27 इंची 4के आयपीएस घ्यावा आणि सीआरटी संध्याकाळपुरता ठेवावा, याकडे माझा कल झाला आहे. आता दोन शंका उरतात. टेबलावर दोन्ही पडदे मावणे कठीण आहे. तेव्हा डॉसचे खेळ नव्या पडद्यावरच खेळायचे ठरवले तर नेमके काय गमवावे लागेल? आणि छायाचित्रांसाठी नव्या पडद्याचे रंग विश्वासार्ह धरावेत का?

काचनळी

डॉसच्या खेळांचे नेहमीचे रिझोल्यूशन 320×200, आणि ते 4:3 चौकटीत दाखवायचे असते, म्हणजे त्यांचा पिक्सेल चौरस नसून थोडा उंच असतो. व्हीजीए कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढून 400 ओळी सेकंदाला 70 वेळा पाठवत असे. या दोन्ही आकड्यांनी नव्या पडद्यावर अडचण होते.

आकाराची अडचण सुटते. प्रत्येक पिक्सेल 5 रुंद आणि 6 उंच केला की 320×200 चे बरोबर 1600×1200 होते, आणि ते प्रमाण नेमके 4:3 आहे. चांगला एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) हे करू देतो. 4के पडद्यावर ते चित्र निम्म्याहून थोड्या अधिक उंचीत, मधोमध बसेल. तुमच्या सीआरटीवरच्या चित्राहून ते लहान दिसेल. पूर्ण उंचीला ताणले तर प्रमाण 10.8 पट येते, पण इतक्या दाट पडद्यावर त्यातला असमानपणा डोळ्याला सहसा सापडत नाही, तेव्हा ताणून खेळायला माझी हरकत नाही. ज्या खेळांत 240 ओळी आहेत ते 9 पटीने अचूक बसतात.

वेगाची अडचण जास्त त्रासदायक असते. 70 चौकटींचा खेळ 60 हर्ट्झच्या पडद्यावर दर सेकंदाला दहा चौकटी गाळतो, आणि आडव्या सरकणाऱ्या खेळात त्याचे हिसके बसतात. म्हणून 4के आयपीएस घेतानाच व्हेरिएबल रिफ्रेश (खेळाच्या वेगानुसार बदलणारा रिफ्रेश रेट) असलेला किंवा 144 हर्ट्झचा घ्यावा. दुसऱ्यावर 140 हर्ट्झ लावता आल्यास प्रत्येक चौकट दोनदा दिसते आणि हिसके जातात. पुसटपणा मात्र राहतो, कारण चौकट 14 मिलिसेकंद तेवतच राहते. बॅकलाइटची उघडझाप करून तो कमी करणारे पडदे आहेत. त्यांत उजेड घटतो, आणि दर चौकटीला एकच झाप पडली तरच फायदा होतो. कोडी सोडवण्याचे, गोष्टीचे, डावपेचांचे खेळ असतील तर यातले काहीही जाणवणार नाही. धावण्या-उड्या मारण्याचे असतील तर सीआरटीसाठी दुसरे लहान टेबल पाहावे.

सावकाश_वाचक

रंगांबाबत: संगणकावरचे नेहमीचे एसआरजीबी हे रंगमान एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये मांडले, आणि ते त्या काळच्या सीआरटीच्या फॉस्फरवर बेतलेले होते. त्यामुळे जुन्या पडद्यावर रंग 'बरोबर' वाटणे स्वाभाविक आहे, पण फॉस्फर वयाबरोबर मंदावतो आणि तिन्ही रंग सारखे मंदावत नाहीत. आजचे पुष्कळ आयपीएस एसआरजीबीपेक्षा मोठा पट्टा दाखवतात, आणि तसेच सोडले तर त्वचेचे रंग भडक दिसतात. मेनूत एसआरजीबी मोड असेल तर छायाचित्रांसाठी तो लावावा. शक्य असेल तर रंगमापक यंत्राने पडद्याची प्रोफाइल करून घ्यावी आणि ब्राइटनेस प्रति चौरस मीटर 80 ते 120 कँडेलांच्या दरम्यान ठेवावा. कारखान्यातून पडदे बहुधा याच्या दुपटीहून अधिक उजेडावर येतात, आणि छापून आलेली चित्रे 'काळी पडली' ही तक्रार पुष्कळदा तिथून सुरू होते.

हाच कमी केलेला उजेड दिवसभराच्या वाचनालाही सोसतो. मात्र काही पडदे उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट झपाट्याने बंद-चालू करतात आणि काहींच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. घेण्यापूर्वी ब्राइटनेस अगदी खाली आणून पडद्यासमोर पेन्सिल वेगाने हलवून पाहावी. पेन्सिलीच्या सुट्यासुट्या प्रतिमा दिसल्या तर तो पडदा उघडझाप करणारा आहे, आणि सलग पुसट पट्टा दिसला तर नाही.